म्हणणाऱ्याचा पत्ता

तायडे साहेबांच्या शोकसभेचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं आणि मी त्यात एकही सुविचार म्हटला नाही. शेलूबाजार आणि आसपासच्या गावांत ही बातमीच झाली. लोक म्हणाले, सरांना फार भरून आलं होतं. भरून आलं होतंच, नाही असं नाही. पण खरं कारण धास्ती होती. 'एक थोर विचारवंत म्हणतात' एवढे शब्द तोंडातून बाहेर पडले, तर मागच्या रांगेतून खाकरल्याचा आवाज येईल आणि पाठोपाठ कोणी विचारील, "कोठी म्हन्ते?" असं मला सारखं वाटत होतं. समोर त्यांचा हार घातलेला फोटो होता, तरी वाटत होतं.

माझी धास्ती समजायची तर आधी माझा धंदा समजून घ्यायला हवा. मी हायस्कूलात मराठी शिकवतो. पण त्यासाठी मला कोणी ओळखत नाही. लोक ओळखतात ते माइकवाले सर म्हणून. उद्घाटन, सत्कार, साखरपुडा, निरोप समारंभ, शोकसभा, काहीही असो, माइक माझ्या हातात असतो. माझ्याकडे सुविचारांची दोनशे पानी वही आहे. पुढून सुरुवात केली की आनंदाचे, मागून सुरुवात केली की दुःखाचे. एकदा घाईत वही उलटी धरली गेली आणि एका नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाला मी मृत्यू कसा अटळ आहे ते गहिवरून सांगितलं. त्या डॉक्टरांनी मला पुन्हा बोलावलं नाही.

तायडे साहेब माझ्या आयुष्यात आले ते आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात. कार्यक्रम संपला होता आणि मी कागदाच्या बशीत पोहे घेऊन, आज आपण कसे रंगलो, याचा मनाशी आढावा घेत होतो. उंच, वाळका, पांढरा शर्ट आणि इस्त्रीची पँट घातलेला, काखेत रेक्झिनची पिशवी दाबलेला एक माणूस समोर येऊन उभा राहिला.

"सर, मघाशी शिक्षणाबद्दल एक वाक्य म्हनलं तुमी. थे कोठी हाय?"

"अहो, ते तर प्रसिद्धच आहे."

"प्रसिद्ध हाय थे मालूम हाय मले. मी पत्ता इचारून राह्यलो."

"त्यांच्या साहित्यात आहे."

"साहित्यात तं असनच. कोन्या पुस्तकात? पान?"

मी म्हणालो, पाहून सांगतो. पाहून सांगतो याचा अर्थ आपल्याकडे 'विसरून जा' असा असतो, हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. यांना नव्हतं. ते म्हणाले, "बरं, मी गुरवारी येतो." आणि गुरुवारी आले. मी प्रयोगशाळेत जाऊन बसलो. पुढच्या गुरुवारी आले, तेव्हा मी शिपायाकरवी परीक्षेचं काम असल्याचा निरोप पाठवला. शिपाई परत येऊन म्हणाला, "सर, सध्या परीक्षा नाही, हे त्याईले मालूम हाय. थे म्हन्ते, मी बसतो."

तिसऱ्या गुरुवारी मी शरण गेलो. वाक्य कुठे आहे ते मला माहीत नाही, असं कबूल केलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी आजवर कोणत्याही सत्कारमूर्तीच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. त्यांनी पिशवीतून एक जाडजूड रजिस्टर काढलं, टेबलावर उघडलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'कब्जेदाराकडे पुरावा नाही.' कब्जेदार म्हणजे मी.

तायडे साहेब तलाठी होते. तीस-बत्तीस वर्षं तलाठी होते आणि निवृत्त झाल्यावरही डोक्यातून तलाठीपण गेलं नाही. शेताचा सातबारा असतो तसा त्यांनी वाक्यांचा सातबारा चालवला होता. रजिस्टरात रकाने पाडलेले : वाक्य, सध्या कोणाच्या नावावर चालू, मूळ मालक, पुरावा आणि शेरा. एखाद्या थोर माणसाच्या नावावर भलत्याच कोणाचं वाक्य आढळलं की शेरा पडे, 'अतिक्रमण'. कोणाचंच नसलं तर 'बेवारस'. एकाच्या नावावरचं वाक्य पुढे दुसऱ्याच्या आणि मग तिसऱ्याच्या नावावर कसं गेलं ते सापडलं, तर प्रत्येक फेरफाराला ते नंबर देत.

ही वाक्यं त्यांना शोधावी लागत नसत. शाळांच्या भिंती, दुकानांची कॅलेंडरं, लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका, जीपची मागची काच, सगळीकडे थोर माणसं बोलतच असतात. तायडे साहेब उभे राहून उतरवून घेत. जीपच्या मागे पळत वाक्य उतरवताना त्यांना दोनदा पाहिल्याचं पानटपरीवाला शपथेवर सांगतो.

मग पत्रव्यवहार सुरू होई. जोडकार्डं. म्हणजे आपलंच उत्तरासाठीचं कोरं कार्ड सोबत जोडलेलं. एका कॅलेंडर छापणाऱ्याला त्यांनी विचारलं होतं की श्रावणाच्या पानावरचं वाक्य आपण कोणत्या ग्रंथातून घेतलं. त्याचं उत्तर आलं : 'त्या महिन्यात चित्राखाली दोन ओळींची जागा उरली होती. वाक्य कारागिराने सुचवले. नाव चित्राला शोभेल असे टाकले.' हे कार्ड त्यांनी लॅमिनेट करून रजिस्टरात ठेवलं होतं. कोणी आलं की दाखवत आणि म्हणत, "इतक्या वर्षांत एवढा खरा मानूस नाही भेटला मले."

लग्नांत लोक त्यांना पहिल्या पंगतीला बसवून लवकर वाटेला लावत. त्याला कारण होतं. एका लग्नात वरातीची धांदल चाललेली असताना साहेबांनी पत्रिकेवरच्या एका ओळीवर बोट ठेवून वधूपित्याला गाठलं, ही ओळ कोणत्या अभंगातली आहे ते विचारायला. तो बिचारा घामाघूम झालेला, डोक्याचा फेटा एका कानावर आलेला. म्हणाला, "साहेब, छापखान्यावाल्याले इचारा. म्या फक्त पोरगी देल्ली."

ते छापखान्यात गेलेच, हे वेगळं सांगायला नको.

घरी त्यांच्या पत्नी कमलताई. त्या म्हणत, "सारी नोकरी लोकाईच्या जमिनी शोधण्यात गेली. आता लोकाईचं बोलनं शोधून राह्यले. घरातला चष्मा मात्र मलेच शोधा लागते." चष्मा बहुतेक वेळा रजिस्टरात खूण म्हणून ठेवलेला असे.

पण एक सांगितलं पाहिजे. लोकांना वाटे की हा माणूस मोठ्यांना खाली ओढतो. तसं नव्हतं. एका सकाळी सहा वाजता ते माझ्या दाराशी आले. मी दात घासत होतो. हातात एक जुनं, पिवळं पडलेलं पुस्तक. "सर, सापडलं! त्याईचंच हाय! पान एकशे अकरा, वरतून चवथी ओय!" कुठल्याशा वाक्याची मालकी सिद्ध झाली होती. बेवारस ठरणार म्हणून दोन वर्षं ते कष्टी होते. त्यांनी मला ती ओळ तीनदा वाचून दाखवली. माझ्या तोंडात पेस्ट असल्याने मला दाद देता येईना. त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात जाऊन माझ्या बायकोला वाचून दाखवली आणि बिनसाखरेचा चहा घेऊन गेले. दिवसभर त्यांची चाल बदलली होती.

हा खटाटोप कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. फाट्यावर जीपची वाट पाहत उभे होतो आणि जीप भरायला आणखी चार माणसं हवी होती, म्हणून वेळ होता. त्यांनी सांगितलं, तेही रजिस्टरातली नोंद वाचावी तसं. त्यांच्या आजोबांनी माळावरची एक पडीक जमीन गोटे वेचून वाहितीत आणली आणि तिच्यात बारा वर्षं ज्वारी काढली. मग एक दिवस कोणी कागद घेऊन आलं आणि आजोबा तिथून उठले. पुढे नातू तलाठी झाला. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याने जुनी दप्तरं काढून ती बारा वर्षं शोधली.

"आज्याचं नाव नसन, हे मले मालूमच होतं. पन पिकाच्या रकान्यात काय लिवलं होतं, सांगू? पडीक. बाराही वर्स पडीक. तो तिथी जवारी सोंगत होता अन् कागदावर तिथी गवतबी नव्हतं." मग म्हणाले, "जमिनीचं आता काही होत नाही. निदान बोलनं तं ज्याचं त्याले भेटावं."

जीप आली. मला काहीतरी बोलावंसं वाटलं. पण माझ्या वहीत यासाठी काही नव्हतं.

आता माझ्या पापाकडे येतो. बराच वेळ टाळलं.

तायडे साहेबांची ओळख व्हायच्या आधीची गोष्ट. एका माजी सरपंचांची शोकसभा होती. वक्ते अकरा. प्रत्येक वक्त्याआधी एक याप्रमाणे वहीतून कार्यक्रमाच्या कागदावर उतरवून नेलेले दुःखाचे सुविचार नवव्या वक्त्याला संपले. दहाव्याच्या आधी मी माइक हातात घेतला, डोळे मिटले आणि आतून एक वाक्य आलं : 'गेलेल्यासाठी रडण्याआधी त्याचं अर्धं राहिलेलं काम हाती घ्या.'

चांगलं होतं. मलाच काटा आला. पण हे माझं वाक्य आहे म्हणून सांगितलं असतं, तर मंडपात कोणी मान वर करून पाहिलंही नसतं. पगारी मास्तरचं वाक्य कोण ऐकतो? म्हणून मी ते एका थोर पुरुषाच्या नावावर टाकलं. कोणत्या ते इथे लिहीत नाही, त्यांच्या नावावर आधीच पुष्कळ खपवलं आहे. नाव घेतल्याबरोबर दोनशे माणसं खुर्चीत सरळ झाली. दोघांनी वाक्य हातावर लिहून घेतलं.

ते वाक्य मग हिंडू लागलं. तेरवीच्या पत्रिकांवर आलं. मोबाइलवर सूर्योदयाच्या चित्रासकट आलं. मलाच ते एका महिन्यात सात जणांनी पाठवलं, आणि मी सातही जणांना हात जोडलेलं चित्र पाठवलं. शेवटी गावाच्या स्मशानभूमीची नवी कमान झाली, तिच्यावर ते निळ्या रंगात चढलं, खाली थोर पुरुषाचं नाव. त्या कमानीखालून जाताना मी मान खाली घालत असे. लोकांना वाटे, श्रद्धा. खरं सांगतो, लाज चार आणे होती आणि बाकी अभिमान.

तायडे साहेबांनी ते वाक्य कमानीवरच वाचलं आणि त्यांना ते लागलं. म्हणजे आवडलं. म्हणाले, "सर, हे त्याईचं वाटत नाही मले. त्याईची भाषा अशी नाही. हे हाताले माती लागलेल्या मानसाचं बोलनं हाय." मी खडूशिवाय हाताला काही लावलेलं नाही. तरीही मला आतून गुदगुल्या झाल्या.

मग ते माग काढत गेले. कमानीवरून पेंटर, पेंटरवरून ग्रामसेवक, तिथून तेरवीची पत्रिका, आणि असे फेरफार उलटे लावत एका दुपारी माझ्या दारात. "सगळे म्हन्ते, पयल्यांदा तुमच्याच तोंडून आयकलं. तुमी कोठी वाचलं?"

तेव्हाच सांगायचं होतं. पण मी म्हणालो, "त्यांच्या समग्र साहित्यात कुठेतरी. खंड आठवत नाही."

खंड चौदा होते.

साहेब रोज सकाळच्या बसने वाशीमला ग्रंथालयात जाऊ लागले. ते खंड घरी मिळत नसत. सहाव्या खंडाला त्यांच्या हातात भिंग आलं. नवव्याला ते पान नाकाशी नेऊ लागले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा जास्त पिकलेला. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितलं होतं. पण ऑपरेशननंतर महिना-दीड महिना वाचन बंद, म्हणून साहेबांनी ते पुढे ढकललं. कमलताई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "सर, तुमचं आयकतीन थे. पाच खंड रायले म्हन्ते. तवर डोया जाईन त्याईचा."

मी म्हणालो, "बोलतो."

बोलायला मी आणखी चार महिने घेतले. या चार महिन्यांत मी किती कार्यक्रमांत सत्यावरचे सुविचार म्हटले, ते मोजलेलं नाही.

शेवटी एका रविवारी त्यांच्या ओसरीवर बसून सांगून टाकलं. तेराव्या खंडातून उतरवलेले कागद घेऊन ते बसले होते. मी म्हणालो, "साहेब, ते वाक्य कोणत्याच खंडात नाही. ते मी रचलं. नाव खोटं टाकलं." म्हटलं, आता शिव्या खाऊ. पाया पडायचीही तयारी ठेवली होती.

साहेबांनी भिंग खाली ठेवलं.

"पुरावा?"

"कशाचा?"

"तुमचं वाक्य हाय याचा. उद्या कोनीबी येऊन म्हनन, म्या रचलं."

"अहो, मीच सांगतोय ना!"

"थे तं मागच्या वर्सीबी तुमीच सांगून राह्यले होते. खंडात हाय म्हनून."

माझीच अब्रू वाचवायला मी घरी जाऊन त्या शोकसभेच्या कार्यक्रमाचा कागद शोधला आणि समोर ठेवला : नऊ वक्त्यांसमोर वहीतले सुविचार लिहिलेले, दहाव्यासमोर कोरं. मला गुन्हा सिद्ध करायचा होता आणि, लपवत कशाला, श्रेयही हवं होतं. मूळ मालक या रकान्यात आपलं नाव कसं दिसेल हे मी मनात दोनदा लिहून पाहिलं होतं.

साहेबांनी कागद डोळ्यांशी धरला. "हा झाला फेरफार. मूळ कोठी हाय? सुचलं म्हन्ता. पन जमीन आभायातून नाही पडत. या वाक्यात रडनं हाय अन् अर्धं काम हाय. तुमच्या घरी असं कधी झालं होतं?"

मी म्हणालो, "वडील गेले तेव्हा ते शेतातच होते. मी कॉलेजात होतो. त्या दिवसाचं मला काही आठवत नाही."

"माय हाय ना तुमची?"

माझी आई धाकट्या भावाजवळ आमच्या खेड्यात राहते. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. आईला मी वाक्य म्हणून दाखवलं. ती ऐंशीच्या पुढची, ऐकून पटकन म्हणाली, "हे तं चंद्रभागेचं बोलनं हाय. तुहा बाप गेला तवा थे तुले म्हने ना. तू ओट्यावर बसून रडत होता."

"मला नाही आठवत."

"तुले कायले आठवन? कोन आलं कोन गेलं, याची शुद्ध नव्हती तुले."

चंद्रभागाबाई आमच्या शेतात वर्षानुवर्षं कामाला येत. त्या आहेत की गेल्या, हेही मला माहीत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली. साहेबांनी विचारलं. विहाराच्या मागे, सार्वजनिक नळाजवळ त्यांच्या नातवाचं घर होतं. बाई अंगणात सुपात तूर निवडत बसल्या होत्या. नातसुनेने दोन खुर्च्या आणल्या. मी एका खुर्चीवर बसलो. साहेब बाईंच्या समोर जमिनीवर बसले. तेव्हा मला उठावं लागलं आणि मीही खाली बसलो, पण आधी खुर्चीत बसलो होतो हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

"माय, हे वाक्य तुमचं हाय म्हन्ते," साहेब म्हणाले आणि त्यांनी मला खूण केली. मी माझ्या माइकवरच्या आवाजात वाक्य म्हटलं.

बाईंनी ऐकून घेतलं. "एवढं मोठं? म्या नाही म्हनलं बाप्पा."

साहेबांनी रजिस्टर उघडलं नाही. पंचनाम्याला विचारतात तसं एकेक विचारत गेले. कोणतं पीक होतं, कोणता महिना, कोण कोण होतं. बाईंचे हात सुपात चालूच होते. "जवारीची सोंगणी होती. याचा बाप आमच्या संगं पात धरून सोंगे." पात म्हणजे सोंगणीत, कापणीत, एकेकाने कापायला धरलेला पट्टा. "अर्ध्या पातीत खाली बसला. छातीवर हात ठेवला. गाडीत टाकला, पन फाट्यापावतर नाही पोचला. दुसऱ्या रोजी मी घरी गेली तं हा रडून राह्यला होता. आभाय आलं होतं. मी म्हनलं, बापू, मंग रडजो. पयले बापाची अर्धी पात रायली थे पाह्य."

"म्हणजे तुम्ही ज्वारीचं म्हणत होतात?" मी विचारलं.

"मंग कायचं म्हनू? भिजली असती ना जवारी."

मला हसू फुटलं. दहा गावं ज्या वाक्यापुढे माना खाली घालत होती, ती सगळी एका शेतातल्या ज्वारीसाठी! मी मोठ्याने हसलो, नातसूनही हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मंग थे पात पुरी कोनं केली?"

"कोन करन?" बाई सुपातून खडा काढत म्हणाल्या. "मीच केली. हा काही आला नाही. बाकीच्या बाया घरी गेल्या. मी माही पात करून त्याईची केली. रात्री पानी आलंच."

माझं हसू तिथेच थांबलं. बाईंच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं, काहीच नव्हतं. त्यांनी आठवलं ते सांगितलं. मला मात्र इतकी लाज वाटली की सुपातल्या तुरीकडे पाहत बसलो. एवढ्या वर्षांत ती पात कोणी पुरी केली हे मी कोणाला विचारलं नव्हतं. ती अर्धी होती हेच मला ठाऊक नव्हतं.

साहेबांनी आता रजिस्टर उघडलं. "नाव सांगा माय."

"चंद्रभागा."

"पूर्ण सांगा."

"चंद्रभागा संपत खिल्लारे."

रजिस्टर नाकाला लागेल इतकं जवळ घेऊन त्यांनी ते एकेक अक्षर लिहिलं. पुरावा या रकान्यात पान नव्हतं, ओळ नव्हती. तिथे त्यांनी लिहिलं, 'पात पुरी केली.' मग सगळी नोंद त्यांनी बाईंना मोठ्याने वाचून दाखवली. बाई म्हणाल्या, "बरं हाय. चहा घेता का?"

परत येताना जीपमध्ये मी विषय हलका करायला म्हणालो, "साहेब, माझं नाव कुठेच नाही का?"

"हाय ना. शेऱ्यात टाकलं. वाहतूक करनार."

कमानीवरचं नाव काही बदललं नाही. मी सरपंचाला सगळं सांगितलं, तर तो हात जोडून म्हणाला, "सर, थे नाव पुसलं तं गाव पेटन. तुमी मास्तर हा, मले निवडून या लागते." साहेबांनी ऐकलं आणि म्हणाले, "राहू द्या. अतिक्रमण हाय, पन नोंद आपल्यापाशी हाय."

त्याच आठवड्यात त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. उजवा डोळा चांगला झाला. डाव्याला उशीर झाला होता. त्यात उजेड यायचा, माणूस यायचा नाही. किती महिने उशीर झाला, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी तिथेच उभा होतो. त्या महिन्यांतले चार तरी माझे होते. साहेब मला कधी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

माझ्या हातात एकच होतं. मी माइकवरून ते वाक्य चंद्रभागा खिल्लारे या नावाने म्हणू लागलो. पहिल्या दोन-तीन सभांत लोक एकमेकांकडे पाहत राहिले. मग त्यांनी आपल्यापरीने समजून घेतलं. दोन महिन्यांत मोबाइलवर पुन्हा सूर्योदय आला, आणि खाली लिहिलेलं : संत चंद्रभागा.

मी साहेबांना दाखवलं नाही. माझी हिंमत नव्हती. पण शिरपूरच्या एका शाळेत बक्षीस समारंभ होता. साहेबांना घरात बसून कंटाळा आला होता, म्हणून मी त्यांना सोबत नेलं. प्रमुख पाहुणे कुठलेसे प्राचार्य होते. भाषण रंगात आलं आणि ते म्हणाले, "बालमित्रांनो, शेकडो वर्षांपूर्वी आपल्या या पवित्र भूमीत संत चंद्रभागा होऊन गेल्या. त्या म्हणतात..."

शेवटच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तायडे साहेब उभे राहिले. डोळ्यांवर काळा चष्मा, धुळीत जाऊ नका म्हणून बजावलेलं असताना आलेले. एका डोळ्याने लांबून व्यासपीठाचा अंदाज चुकून त्यांचं तोंड पाहुण्यांकडे नव्हतं, जरा डावीकडे, फुलांच्या कुंड्यांकडे होतं. ते कुंड्यांना म्हणाले,

"साहेब, माफ करजा. संत नाही. बाई हाय. सोंगणीले जाते. अन् होऊन गेल्या नाही, जित्ती हाय. पत्ता सांगतो, लिवून घ्या."

आणि त्यांनी पत्ता सांगितला. गाव, तालुका, विहाराच्या मागे, नळाजवळचं घर. "सकायी जाऊ नका, कामात असते. दुपारून जा."

मग पहिल्या रांगेतल्या मुलींनी वह्या उघडल्या. पाहुण्यांच्या खिशाला पेन नव्हतं. त्यांनी माझ्याकडे हात केला आणि मी माझं पेन त्यांना दिलं.

"लिवलं का?" तायडे साहेबांनी विचारलं. ते अजून कुंड्यांकडेच पाहत होते.

पाहुणे निमंत्रणपत्रिकेच्या मागे लिहीत होते. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं, खिल्लारे हे आडनाव पुरं होईपर्यंत थांबलो आणि माइकवर सांगितलं, "लिहिलं, साहेब."

तेव्हा ते खाली बसले.